ऐकली, ला. टी.

ऑल्डर बेंच, माँटाना
४ मार्च २०१४

प्रिय लाइल मामा,

गेल्या आठवड्यात तुला तीनदा फोन केला. दोनदा नुसताच वाजत राहिला. तिसऱ्यांदा तू उचललास, "दुकान साडेपाचपर्यंत उघडं आहे" एवढं म्हणालास आणि ठेवून दिलास. मी इकडे मामा, मामा करत बसले. म्हणून शेवटी कागद घेतला.

माझं काम आहे तुझ्याकडे, आणि ते तुझ्या धंद्यातलंच आहे.

आमच्या गावची रुग्णवाहिका आम्ही सहा जण चालवतो, सगळे बिनपगारी, हे तुला माहीत आहे. फेब्रुवारीत एका रँचवरून बोलावणं आलं. लेक म्हणाली, वडील विचित्र बोलतायत, लवकर या. भर दुपारी आम्ही फाटकातून आत शिरलो आणि त्या वडिलांनी खिडकीतून रायफल झाडली. गोळी गाडीच्या या बाजूने आत शिरली आणि त्या बाजूने बाहेर पडली. मधे स्ट्रेचर होतं, नशिबाने रिकामं. म्हाताऱ्याची साखर उतरली होती, आम्ही त्याला गुरं चोरायला आलेले वाटलो. लेकीने बंदूक काढून घेतली, आम्ही त्याला ग्लुकोज दिलं, वीस मिनिटांत तो शुद्धीवर आला आणि आम्हाला कॉफी विचारायला लागला.

त्यावर आम्ही हसलो, पण आठवड्याभरात सहातल्या दोघांनी राजीनामे दिले. चारच्या खाली माणसं गेली तर काउंटी ही गाडी बंद करणार. मग जवळची गाडी सत्तर मैलांवर. आणि आता आमच्या ड्रायव्हरची, बड इस्टवोल्डची बायको म्हणते की बडही सोडणार. पंधरा मे रोजी सगळ्यांची बैठक आहे, राहायचं की बंद करायचं ते ठरवायला.

अग्निशमनवाल्यांनी तिकीट लावून पॅनकेकची न्याहारी ठेवून आमच्यासाठी थोडे पैसे जमवलेत. त्यात गोळी अडवणारी नवीन चिलखतं दोनच येतील. वापरलेली सहा बसतील.

पण मला एक कळत नाही. जुन्या बुटाचा तळ बघता येतो, जुन्या ट्रकचं इंजिन सुरू करून बघता येतं. जुनं चिलखत चांगलं आहे हे कसं कळतं? गोळी झाडून पाहिली तर ते संपलं. नाही झाडली तर कळलंच नाही.

तुझी,
नोला


टीग सरप्लस, हॅरो क्रीक, ओक्लाहोमा
११ मार्च

प्रिय नोला,

फोनचं म्हणशील तर तूही तुझ्या आईसारखी पुटपुटतेस. ओपलचं ऐकण्यात माझी निम्मी हयात गेली, आता तू. पत्र बरं. कागद पुटपुटत नाही.

रायफल झाडणाऱ्याकडची कॉफी घेतलीत की नाही ते लिहिलं नाहीस.

तुझा प्रश्न मात्र लाखातला आहे. छत्तीस वर्षं या धंद्यात आहे, सुरुवात रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून सैन्याचे बूट विकण्यापासून केली, पण गिऱ्हाइकांपैकी तिघांनीसुद्धा हे विचारलं नसेल. ते विचारतात, मला शोभेल का.

तर ऐक. चिलखत म्हणजे दोन वस्तू. एक, मऊ थर. केव्हलारच्या कापडाच्या पंचवीस-तीस घड्या, पाणी शिरू नये म्हणून पातळ पिशवीत बंद केलेल्या. पिस्तुलाची गोळी त्यात अडकते. दुसरी, प्लेट. कपबशीच्या मातीची दूरची बहीण, पण भट्टीत अशी भाजलेली की रायफलची गोळी तिच्यावर फुटते. वजन साधारण पाच पौंड, पुढे एक, मागे एक. तुमच्या म्हाताऱ्याकडे रायफल होती, म्हणजे तुम्हाला दोन्ही हवं. प्लेटच्या मागच्या लेबलावर लिहिलेलं असतं की ही एकटी वापरू नये, मागे मऊ थर हवाच. हे लेबल कुणी वाचत नाही. नुसत्या प्लेटा दोरीने गळ्यात बांधून फिरणारे शहाणे मी पाहिलेत.

आता तपासणी. मऊ थराच्या पिशवीची शिवण बोटाने चाचपायची. उसवली असेल तर आत घाम गेला, पाणी गेलं, मग ते चिलखत नव्हे, गोधडी. घडी पडून पडून मधे सुरकुती बसलीय का बघायचं. प्लेटचं कापड पाहायचं, कोपरे पाहायचे, कारण प्लेट पडते ती कोपऱ्यावर. सरकारी मालमत्ता असा शिक्का असेल तर मी हातसुद्धा लावत नाही. ती माझ्यापर्यंत आली म्हणजे कुणीतरी उचलून आणली. माझा माल येतो तो बंद पडलेल्या खासगी रखवालदार कंपन्यांकडून, आणि थर व प्लेटा ज्यात सरकवतात ती सैन्याची नुसती जाकिटं लिलावातून.

आणि शेवटची गोष्ट, जी पुस्तकात शिकवत नाहीत. कापडाच्या आत तडा गेला असेल तर डोळ्याला दिसत नाही. सैन्य प्लेटा एक्स-रेखाली घालतं. माझ्याकडे कान आहेत. प्लेट कानाशी धरायची, दोन कोपरे पकडून हलकेच पिळायची. चांगली असेल तर गप्प राहते. तडकलेली असेल तर आतून वाळू चावल्यासारखा बारीक आवाज करते. ऐकून झाली की मागच्या बाजूला मी खडूने लिहितो: 'ऐकली, ला. टी.' या तीन राज्यांत त्या खडूला किंमत आहे.

हे लिहितोय आणि समोर व्हर्लीन बसलीय. ती वीस वर्षं सैन्याच्या कोठाराची हवालदार होती, आता माझ्या दुकानाची आहे. मी तुझा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोरीला सांग, चिलखताला विचारू नकोस, ते विकणाऱ्याला विचार." मी म्हटलं, मीच विकणारा. म्हणाली, "म्हणून तर."

मापं पाठव. छाती, आणि गळ्याखालच्या खळगीपासून बेंबीपर्यंतची उंची.

तुझा मामा,
लाइल


ऑल्डर बेंच
१९ मार्च

प्रिय मामा,

मापं सोबत आहेत. बडने पोट आत ओढून मोजून घेतलं, मी पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे लिहिलेत, खरा दुसरा.

कॉफी घेतली. चांगली होती.

एक विचारते. ही जाकिटं आधी कुणाच्या अंगावर होती हे कळतं का? आणि ज्याच्या अंगावर होती त्याचं काय झालं हे? बडची बायको अर्लीस हेच विचारते. तिला मेलेल्या माणसाचं काही घरात नको आहे.

नोला


हॅरो क्रीक
२७ मार्च

प्रिय नोला,

पार्सल उद्या निघतंय. सहा जाकिटं, सहा जोड मऊ थर, बारा प्लेटा. व्हर्लीन तिच्या बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दहा दिवसांपासून टल्साला गेलीय, तेव्हा निवडल्या मी, बांधल्या मी. प्रत्येक प्लेट घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलीय. प्रत्येकीवर माझा खडू आहे.

अर्लीसला सांग, गोळी लागलेली प्लेट बाजारात येत नाही. ज्याला ती लागली आणि जो वाचला, तो ती कुणाला देत नाही, घरी भिंतीला टांगतो. आणि जो वाचला नाही त्याची सैन्य तपासायला ठेवून घेतं. माझ्याकडे येतात त्या काही न घडलेल्या.

कुणाच्या होत्या हे थोडं कळतं. कॉलरच्या आत काळ्या शाईत नाव असतं, शेजारी रक्तगट. नाव मी राहू देतो. रक्तगट मात्र पुसतो, तुझ्या माणसाला कुणी घाईत भलतंच रक्त चढवायला नको. खिशांत काय काय निघतं. च्युइंगमचे कागद, वाळू, एकदा कुणाच्या तरी बाळाचा मोजा निघाला. गेल्या वर्षी एका जाकिटात प्लेटच्या जागी पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, प्लेटच्याच आकारात बेतून कापलेला. बारा मैलांच्या कवायतीत त्या गड्याने पाच पौंड वाचवले. हवालदाराने छातीवर थाप मारून बघितली नसणार.

'गोळी या बाजूने' असं प्लेटवर लिहिलंय ती बाजू बाहेर. लक्षात ठेवा.

लाइल मामा


ऑल्डर बेंच
९ एप्रिल

प्रिय मामा,

पार्सल नीट पोचलं. त्यानंतरची हकीगत सांगते.

बडने प्लेट उलटी घातली. त्याचं म्हणणं, लेबलावर एवढं लिहिलंय ते लोकांना वाचता आलं पाहिजे. मी विचारलं, "बड, गोळी वाचून थांबते का?" तो म्हणाला, "मग एवढं लिहितात कशाला?"

दुसऱ्या दिवशी अर्लीसने त्याच्या जाकिटातून मऊ थर काढून कपड्यांच्या यंत्रात टाकले, सुवासिक द्रव घालून, कारण तिला दुसऱ्या पुरुषाच्या घामाचा वास आला. पिशवी उसवली. आता ते थर त्यांच्या कुत्र्याखाली आहेत. माँटानातला सगळ्यात सुरक्षित कुत्रा, असं बड सांगत फिरतोय.

आता तिसरी गोष्ट. तू एक्स-रेचं लिहिलं होतंस ते माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे घोड्यांचे डॉक्टर आहेत, लुंडीन, खुरं बघायला त्यांच्याकडे जुनं यंत्र आहे. मी गंमत म्हणून विचारलं. ते मनापासून खूश झाले, म्हणाले, लाथ न मारणारा रोगी पहिल्यांदाच येतोय. बाराही प्लेटा फिल्मवर घेतल्या.

नऊ स्वच्छ आहेत. तिघींत काळी रेघ आहे. एका प्लेटमध्ये ती कोपऱ्यातून निघून मधोमध जाते, नदीच्या नकाशासारखी. डॉक्टर म्हणाले, "हा घोडा असता तर मी मालकाला बाजूला घेऊन बोललो असतो."

तिघींवर तुझा खडू आहे. वाटेत पार्सल कुणीतरी आपटलं असणार. फिल्म सोबत पाठवतेय.

माझी माणसं आता एवढंच विचारतात की कोणत्या तीन. नंबर टाकलेत तरी विचारतात. तडकलेल्या तीन बाजूला ठेवल्यात तरी प्रत्येक जण आपली प्लेट पुन्हा पुन्हा पालथी करून बघतो. आणि बैठक महिन्यावर आली.

नोला


हॅरो क्रीक
१४ एप्रिल

प्रिय नोला,

पार्सल कंपनीच्या इथल्या माणसाला मी काउंटरपलीकडून जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो म्हणतो, खोक्याला एक पोचा नाही, फोटो बघा. मी म्हटलं, खोकं बघायला मी आंधळा नाही, आत काय होतं ते मी ऐकलं होतं. तर तो काहीतरी पुटपुटला. आजकाल सगळेच पुटपुटतात.

तीन प्लेटा आणि बडचे थर मी माझ्या खर्चाने देतो. कुत्र्याकडून परत घेऊ नका.

घोड्यांच्या डॉक्टरांना नमस्कार. पण यंत्रापेक्षा कानावर माझा भरवसा जास्त. यंत्र सावलीलाही रेघ म्हणतं.

लाइल मामा


हॅरो क्रीक
१५ एप्रिल

नोला,

मी व्हर्लीन स्ट्रॉन. आपण भेटलो नाही. तुझ्या फिल्म मी काउंटरवर पाहिल्या. मी हे पत्र लिहितेय हे लाइलला माहीत नाही, आणि तू त्याला सांगणार नाहीस असं मी धरून चालते.

पार्सल कुणी आपटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा तो माझ्यासमोर एक प्लेट पिळत होता. ती कर्रकर्र करत होती. मला चार फुटांवर ऐकू आलं. त्याने खडू उचलला आणि लिहिलं, ऐकली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मस्करी करतोय असं वाटलं. तो मस्करी करत नव्हता.

तेव्हापासून माल आला की त्याच्या आधी मी ऐकते. वाईट निघाली ती मागच्या दाराने मोडीत टाकते. त्याला सांगते, माल उचलायच्या फोर्कलिफ्टखाली आली. त्याला वाटतं मी फोर्कलिफ्ट वाईट चालवते. वाटू दे.

सांगायला हवं होतं, ते कळतं मला. पण ज्या माणसाने कानावर दुकान उभं केलं त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी वीस वर्षं तरण्याबांड पोरांना रडवलंय, पण हे जमलं नाही.

मार्चमध्ये तेरा दिवस मी टल्साला होते. तुझ्या बारा त्यातल्या. त्या दिवसांत इथून आणखीही प्लेटा गेल्यात. मला झोप नाही.

तू त्याच्या रक्ताची आहेस. काहीतरी काढ.

व्ह. स्ट्रॉन


ऑल्डर बेंच
२१ एप्रिल

प्रिय मामा,

तुझ्या कानाचा आणि डॉक्टर लुंडीन यांच्या यंत्राचा एकदा सामना होऊन जाऊ दे. इथे सगळ्यांनाच उत्सुकता आहे.

पाच प्लेटा परत पाठवतेय. तीन डॉक्टरांनी नापास केलेल्या, दोन पास. तुझा खडू पुसलाय आणि पाचही प्लेटांना सारखीच पट्टी गुंडाळलीय. कोणती कोणती ते वेगळ्या पाकिटात आहे, पाकीट चिकटवलंय. आधी ऐक, उत्तर कागदावर लिही, मग पाकीट फोड. दुकान बंद असताना कर म्हणजे गडबड नसेल.

तू जिंकलास तर मी इथल्या पाटीवर लिहीन की माझ्या मामाचा कान यंत्रापेक्षा बरा. हरलास तर जे खरं आहे ते तूच मला सांग, दुसऱ्या कुणाकडून मला नको आहे.

नोला


हॅरो क्रीक
६ मे

प्रिय नोला,

उत्तराला उशीर झाला. मी रस्त्यावर होतो.

रविवारी, दुकान बंद असताना बसलो. पाचही प्लेटा गादीवर मांडल्या. पहिली पिळली. गप्प. मी खूश. दुसरी गप्प, तिसरी गप्प. चौथीही गप्प. पाचवी हातात घेतली तेव्हा मी देवाकडे मागत होतो की हिने तरी काही बोलावं.

पाचही गप्प, नोला. तीन तडकलेल्या आहेत हे मला माहीत होतं, तरी पाचही गप्प.

मी व्हर्लीनला फोन केला. ती चर्चच्या कपड्यांतच आली. मी प्लेटांकडे बोट केलं. तिने एकेक उचलली, मिनिटभरात तीन डावीकडे, दोन उजवीकडे. मग पाकीट फोडलं. तिच्या तीन आणि डॉक्टरांच्या तीन त्याच.

मी विचारलं, "किती दिवस?"

ती म्हणाली, "दोन वर्षं."

"फोर्कलिफ्ट?"

"मी फोर्कलिफ्ट उत्तम चालवते, लाइल."

तिने तडकलेल्या तीन खोक्यात भरल्या. शेवटी ती म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ता रड, उद्यापासून गाडी चालवायची आहे." त्या बाईला धीर देता येत नाही, पण तिने दिला.

तिच्या तेरा दिवसांत तुझ्याखेरीज पाच गिऱ्हाइकांना प्लेटा गेल्या होत्या. चौघांची नावं वहीत होती. चौघांकडे मी स्वतः गेलो. एक बाई कर्जबुडव्यांच्या गाड्या ओढून नेते, तिची प्लेट तडकलेली. एक धान्याच्या कोठारावरचा पहारेकरी, त्याच्या दोन्ही चांगल्या, तरी बदलून दिल्या. उरलेल्या दोघांनी त्या कपाटात टाकल्या होत्या. प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगितलं की मी बहिरा होत चाललोय आणि मी तुम्हाला ऐकून माल दिला. पहारेकरी म्हणाला, "मोठ्याने बोलू का?" मी म्हटलं, "हो, बोल."

पाचव्याने रोख पैसे दिले आणि नाव दिलं नाही. निळी टोपी, डाव्या हाताला घड्याळ नव्हतं पण त्या जागी न रापलेल्या कातडीचा पांढरा पट्टा होता, एवढंच आठवतं. दुकानाच्या दारावर आणि टाकीच्या चौकातल्या पेट्रोलपंपावर कागद लावलाय: 'मार्चमध्ये टीगकडून प्लेट घेणाऱ्याने ती घालू नये, परत आणावी.' सकाळी दार उघडताना रोज तो कागद वाचतो, जसा तो माझ्यासाठीच आहे.

कानही तपासले. बाईने मला एका पेटीत बसवलं, डोक्यावर डबे चढवले, म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. शेवटी विचारलं, "सुरू कधी करणार?" ती म्हणाली, "अर्धं झालंय."

जाड आवाज येतात मला. माणूस समोर असला तर ओठ बघून भागतं, म्हणून तर इतके दिवस निभावलं. बारीक आवाज गेलेत. कर्रकर्र हा बारीक आवाज.

तू म्हणालीस, जे खरं आहे ते तूच सांग. सांगितलं.

तुझ्यासाठी तीन नव्या, म्हणजे जुन्याच, प्लेटा, तुझ्या दोन पास झालेल्या आणि बडचे थर काल निघाले. आमच्या इथे कुत्र्यामांजरांची डॉक्टरीण आहे, तिच्याकडे डिजिटल यंत्र आहे. एक्स-रेचं छापील चित्र प्रत्येक प्लेटसोबत गुंडाळलंय. मागे खडूने लिहिलंय: 'पाहिली, ला. टी. आणि व्ह. एस.'

लाइल मामा


ऑल्डर बेंच
१७ मे

प्रिय मामा,

बैठक झाली. सांगते.

अग्निशमनाच्या गाडीघरात टेबल मांडलं होतं. सहाही जाकिटं त्यावर, प्रत्येकाच्या वर त्याच्या फिल्म. राजीनामे दिलेले दोघेही आले होते, मागे भिंतीला टेकून उभे. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. रागावलास तर रागाव.

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. मग अर्लीस उठली. ती आमच्यात नाही, तिला मत नाही, तरी उठली. म्हणाली, "जो माणूस परक्या लोकांच्या दारात जाऊन मी चुकलो म्हणतो, त्याने पाहिलेलं मी मानते." आणि बडकडे वळून, "पण तू उलटी घातलीस तर मीच गोळी घालीन."

बड राहतोय. गेलेल्यांपैकी एक परत आली. दुसऱ्याने जाकीट घालून पाहिलं, मग काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याशी हात मिळवून गेला. आम्ही पाच आहोत. चार लागतात. गाडी चालू आहे.

सहावं जाकीट दाराशी टांगलंय. आत नाव आहे, हेरेडिया. रक्तगटाच्या जागी तू पुसल्याचा डाग आहे. आता बाहेर पडताना आम्ही त्याला, निघालो रे हेरेडिया, म्हणतो. कोण होता ठाऊक नाही. काही न घडलेला कुणीतरी.

कानाचं यंत्र घेतलंस का? रविवारी चर्चनंतर फोन करीन.

नोला


हॅरो क्रीक
२६ मे

प्रिय नोला,

काल तुझ्याशी चाळीस मिनिटं फोनवर बोललो, तरी आज लिहितोय. एक गोष्ट तिथे तोंडातून निघाली नाही.

यंत्र बसवून नऊ दिवस झाले. दुकानातला पंखा घासतो, ते मला माहीत नव्हतं. व्हर्लीन हिशेब करताना गुणगुणते. मी म्हटलं, हे कधीपासून? म्हणाली, "अकरा वर्षं, आणि आता थांबणार नाही." तुझी ती नदीच्या नकाशाची प्लेट मी ठेवून घेतलीय. पहिल्या दिवशी ती कानाशी धरून पिळली. कर्र. इतकं स्पष्ट, की मी दचकून खाली ठेवली.

निळ्या टोपीवाला अजून आलेला नाही. कागद दारावर आहे.

काल मी फोन उचलल्या उचलल्या तू म्हणालीस, "मामा, इकडे बर्फ गेला बरं का." आणि मला पुढचं बोलता येईना, तू विचारलंस ना, लाईन तुटली का म्हणून. लाईन तुटली नव्हती. तो ओपलचा आवाज होता. तुझी आई दर रविवारी असाच फोन करायची, शेवटच्या हिवाळ्यातही. मी तिला म्हणायचो, "ओपल, पुटपुटू नकोस. सांगायचं आहे ते लिहून पाठव." तिने तीन पत्रं लिहिली. मग हात चालेनासा झाला तेव्हा पुन्हा फोन करायला लागली, आणि मी दोन शब्द कळले की हो, हो म्हणून ठेवून द्यायचो. गिऱ्हाईक आलंय म्हणायचो. त्या हिवाळ्यात तिने मला काय काय सांगितलं ते मला माहीत नाही. तुला त्यातलं काही माहीत असेल तर एकदा सांग. सावकाश सांगायची गरज नाही.

ती पुटपुटत नव्हती, नोला.

रविवारी फोन कर. पहिल्या घंटेला उचलीन.

तुझा मामा,
लाइल